आमचं झालंय

लातूरकडच्या माणसाला वर्षातून एक दिवस घर सोडावंच लागतं. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं, दुकानांना कुलपं असतात आणि सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या रानात जाऊन बसलेलं असतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, उभ्या पिकावर आंबील शिंपडायची आणि मग दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ज्याला रान नाही त्यानं दुसऱ्याच्या रानात जायचं, त्याला बोलावणं लागत नाही. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूससुद्धा भाकरी आणि भज्जी, म्हणजे हिरव्या दाण्यांची मिसळभाजी, खाल्ल्याशिवाय पुढं सुटत नाही. आणि येळवशीच्या जेवणाला कुणी नाही म्हणत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी नाही म्हणालो. ते कसं झालं तेवढंच सांगायचं आहे.

मी नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. बायको नांदेडचीच. तिच्या माहेरी येळवशीचं कुणाला सोयरसुतक नाही, आणि आमच्या कॉलेजला त्या दिवशी सुट्टीही नसते. आई गेल्यावर वडील आमच्याकडं राहायला आले. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून आम्हीही त्यांना अण्णाच म्हणतो. औशाच्या अलीकडं, रस्त्याला लागून, आमचं रान होतं. निम्मं अण्णांचं, निम्मं काकांचं आणि मधे एक धुरा, म्हणजे बांध. तो बांध नावाला होता. येळवशीला दोन्ही रानांत मिळून एकच कोप असायची.

अण्णांचं निम्मं मी विकायला लावलं. हे सरळ लिहितो, कारण आमच्या घरात अजूनही 'अण्णांनी विकलं' असंच म्हणायची पद्धत आहे. मला नांदेडला फ्लॅट घ्यायचा होता आणि लातूरचा एक बिल्डर गिऱ्हाईक म्हणून दारात उभा होता. काका म्हणाले, "एक साल थांबा अण्णा, म्या घेतो. बाहेरच्याला धुऱ्यावर कशाला आणायलाव?" एक साल थांबायला माझं काही जळत नव्हतं. पण काकांनी ते चार माणसांत, माझ्याकडं न बघता, फक्त अण्णांना सांगितलं आणि ते मला झोंबलं. मी म्हणालो, "रान अण्णांचं आहे, तुम्ही कोण सांगणार?" अण्णा मान खाली घालून बसले होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी सही केली.

तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. काका आले नाहीत, अण्णा गेले नाहीत, इतकंच. सहा वर्षं गेली. दर येळवशीला अण्णा पहाटे अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. जायचं कुठंच नसायचं. खाली स्कूलबस यायची, भाजीवाला ओरडायचा, नांदेडचा साधा कामाचा दिवस सुरू व्हायचा आणि अण्णा टोपी घालून त्याच्याकडं बघत राहायचे.

चार वर्षांपूर्वी, येळवशीला पंधरा दिवस राहिले असताना, ते म्हणाले, "औंदा बारक्याच्या रानात जाऊ की. येळवशीला बोलवावं लागत न्हाई."

बारक्या म्हणजे काका. त्यांची साठी उलटली होती तरी अण्णांच्या तोंडी ते बारक्याच होते.

"आपण काय उपाशी आहोत का, त्यांच्या दारात जायला?" मी म्हणालो.

"रानाला कुठलं दार रं?" अण्णा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

अण्णांचं बोलणं असंच. एक वाक्य टाकायचं आणि गप्प बसायचं. ते वाक्य मग आपल्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहतं. त्याच आठवड्यात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. बिल्डरनं आमच्या रानात कृषी पर्यटन केंद्र काढलं होतं. अस्सल ग्रामीण कॉटेज, सहकुटुंब मुक्काम, वेळ अमावस्या स्पेशल. फोटोत आमची विहीर होती आणि विहिरीमागं आमचा आंबा.

मला वाटलं, झालं काम. अण्णांना त्यांच्याच रानात येळवस करता येईल आणि काकांच्या रानात पाऊलही टाकावं लागणार नाही. साप भी मरे और लाठी भी न टूटे, असं आमचे हैदराबादी वळणाचे एक सर नेहमी म्हणायचे, तेच मी स्वतःशी म्हणालो आणि स्वतःवरच खूश झालो.

बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. "विकलेल्या वावरात भाड्यानं राहायला जाऊन राहिले तुम्ही? आणि शेजारी काका असतील तर सरळ त्यांच्याकडंच जाऊ ना. मी येते तुमच्यासंग, मी बोलते काकूंशी."

"तुला येळवशीतलं काय कळतं?" मी म्हणालो.

तिनं पोळी तव्यावर टाकली. मी कॉटेज बुक केलं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपार कलताना आम्ही पोचलो. अण्णा, मी, बायको आणि सातवीतली मुलगी. फाटकावर सिमेंटची कमान, कमानीवर फायबरचे दोन बैल. आत एक खरी जुनी बैलगाडी होती, पण तिची चाकं सिमेंटात पुरलेली, पोरांना चढून फोटो काढता यावेत म्हणून. सगळीकडं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. ज्या रानात अण्णांनी पन्नास वर्षं गवत उपटलं, त्या रानात आता पैसे देऊन गवत आणून टाकलं होतं.

कॉटेज बाहेरून कुडाचं दिसावं म्हणून सिमेंटवर मातीचा रंग दिला होता आणि ब्रशनं काड्या काढल्या होत्या. आत शिरलो तर भिंतीला पोपडे, गादीला कुबट वास. दिवस थंडीचे आणि गिझरमधून गार पाणी. विचारलं तर म्हणाले, सोलर आहे सर, आज ऊन कमी पडलं. बाथरूमच्या दाराला कडीच नव्हती, त्यामुळं एक जण आत गेला की दुसऱ्यानं बाहेर राखणीला बसायचं. खिडकीला जाळी होती, पण डास जाळी बसवायच्या आधीच आत राहायला आलेले असावेत.

"बाबा, यात अस्सल काय आहे?" मुलीनं विचारलं.

"डास," बायको म्हणाली.

मी हसलो नाही. मला एवढं कळत होतं की मी चुकलोय, आणि ते कबूल करायला लागू नये म्हणून मी मोठमोठ्यानं मॅनेजरला शिव्या देत होतो. अण्णा पिशवी खाली ठेवून आंब्याकडं गेले. आंब्याच्या बुंध्यात खिळे ठोकून वरपर्यंत लायटिंगच्या माळा चढवल्या होत्या. अण्णा एकेका खिळ्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. विहिरीवर लोखंडी जाळी टाकून तिच्यावर चहाची टेबलं मांडली होती. ती विहीर अण्णांनी आणि काकांनी दोन उन्हाळे खपून खोदली होती, मजूर परवडत नव्हते म्हणून. अण्णा जाळीवर गेले नाहीत. कडेनं वाकून त्यांनी खाली पाणी किती आहे तेवढं बघितलं.

पलीकडं काकांच्या रानात कोप घालायचं काम चाललं होतं. चुलतभाऊ पेंढ्या देत होता आणि काका त्या उभ्या करून वरून बांधत होते. पन्नास पावलांचं अंतर असेल. त्यांनी आमच्याकडं बघितलं की नाही ते सांगता येत नाही, पण आम्ही आलोय हे त्यांना नक्की कळलं होतं. आमच्या गावाकडं रस्त्यावरून गाडी आत वळली की गाडीतल्या माणसांच्या आधी बातमी घरी पोचते.

"पेंढ्या उभ्या लई ताठ लावायलाय," अण्णा म्हणाले. "वाऱ्यानं पडतीन."

"तुम्ही नका तिकडं लक्ष देऊ," मी म्हणालो.

येळवस उजाडली. अण्णांनी गार पाण्यानं अंघोळ केली. मी दाराबाहेर राखणीला बसलो होतो आणि आत त्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. धोतर, सदरा, टोपी असं सगळं घालून ते तयार झाले. आम्ही केंद्राच्या कोपीकडं गेलो. ही कोप लोखंडी पाइपाची, बाराही महिने उभी. वरून थोडा कडबा बांधलेला आणि बाकीची हिरवी जाळी. आत पांडव प्लास्टरचे, चकचकीत रंगाचे, पाचही जणांना पिळदार मिशा. पूजेला नंबराच्या चिठ्ठ्या होत्या, आमचा सातवा. पुण्यामुंबईची कुटुंबं पुढं होती आणि प्रत्येक जण पांडवांबरोबर फोटो काढत होता.

मॅनेजर चाळिशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात माइक. तो सगळ्यांना येळवस समजावून सांगत होता. ही मराठवाड्याची प्राचीन परंपरा असून निसर्गाशी नातं जोडणारी आहे वगैरे. अण्णांचं धोतर बघून त्याला हुरूप आला. माइक त्यांच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे असतं का असं काही?"

"असायचं," अण्णा म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते देव जाणे.

मग कागदी कपातून आंबील आली. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण घालून, नव्या मडक्यात रात्रभर मुरवायचं असतं. तिचा वास दहा पावलांवरून येतो. अण्णांनी कप नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "ताक हाय." बाकी काही नाही. कप त्यांनी हातात तसाच धरून ठेवला.

आमच्या घराची एक रीत होती. पूजा झाली की अण्णा आणि काका आंबील शिंपडायला निघायचे. अण्णा पुढं आणि काका मागं, डोक्यावर मडकं घेऊन. पिकाच्या कडेकडेनं फिरताना अण्णा ओरडायचे, "ओलगे, ओलगे!" आणि मागून काका पुरं करायचे, "सालम पोलगे!" कानडी वळणाची ती आरोळी, तिचा अर्थ आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. पण अर्धी एकानं द्यायची आणि अर्धी दुसऱ्यानं, हे ठरलेलं. लहानपणी मी दोघांच्या मधे चालायचो आणि दोन्हीकडून कानठळ्या बसायच्या.

आम्ही कॉटेजच्या पायरीवर बसलो होतो. जेवणाला दीड वाजता आमची पंगत होती, त्याची कुपनं माझ्या खिशात होती. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "ओलगे, ओलगे!"

काका एकटेच निघाले होते. डोक्यावर मडकं तेच घेत होते आणि पुढची आरोळीही तेच देत होते. चुलतभाऊ कोपीपाशी पानं मांडत होता. आरोळी देऊन काका थांबायचे, दोन पावलं गप्प चालायचे आणि मग पुढची अर्धी स्वतःच म्हणायचे. पण त्या दोन पावलांत अण्णांचे ओठ हलत होते. 'सालम पोलगे,' अगदी हळू, शेजारी बसलेल्या मला जेमतेम ऐकू येईल असं. दुसऱ्यांदा काकांचा आवाज आला, अण्णांनी पुन्हा तसंच केलं. बायकोनं माझ्या दंडाला बोट लावलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

तिसऱ्या हाकेला अण्णा उठले. हातात तो कागदी कप. केंद्रवाल्यांनी रस्त्याच्या बाजूला ज्वारीच्या चार ओळी पेरल्या होत्या, मागं हिरवं दिसावं म्हणून, फोटोपुरत्या. अण्णा त्या ज्वारीत शिरले आणि बोटं बुडवून कपातलं ताक धाटांवर शिंपडायला लागले. चार-पाच धाटं झाली असतील.

शिट्टी वाजली. कर्कश, जोरात, दोनदा.

"ओ बाबा! पिकात जाऊ नका! फोटो पॉइंट आहे तो! बोर्ड लावलाय ना तिथं!"

सगळे वळून बघायला लागले. दहा कुटुंबं, त्यांची पोरं, चहाच्या टेबलांवरचे लोक. अण्णा ज्वारीत उभे होते, एक हात वर तसाच राहिलेला. आणि बांधापलीकडं डोक्यावर मडकं घेऊन काकाही थांबले होते. त्यांनीही ते बघितलं.

मी मॅनेजरच्या अंगावर धावून गेलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण हे रान कुणाचं होतं हे मी त्याला ओरडून सांगितलं एवढं आठवतं. तो म्हणाला, "होतं ना सर? आता रूल आहे." त्याचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला आज लिहिताना जास्त टोचतं. अण्णा बाहेर आले, मला हाताला धरून मागं ओढलं आणि म्हणाले, "जाऊ दे. त्येचं रान हाय."

पायरीवर येऊन बसलो. माझे कान तापले होते. एक वाजून गेला होता. काकांनी फेरी पुरी केली, मडकं कोपीपाशी ठेवलं, उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते बांधाकडं चालत आले. बांधावर चढून उभे राहिले. सहा वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून बघितलं नव्हतं. म्हातारे झाले होते.

"या," ते म्हणाले. "जेवायला या."

नाव नाही, अण्णा नाही, काही नाही. नुसतं 'या', जसं रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही म्हणतात तसं. आता वाटतं, सहा वर्षांनंतर त्या माणसाला दुसरं काय म्हणता आलं असतं? बांधापर्यंत चालत आले हेच पुष्कळ होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसत होतं की त्यांनी शिट्टी ऐकली होती. आपल्या भावाला त्याच्याच रानातून हुसकावलेलं त्यांनी बघितलं होतं आणि आता ते आम्हाला कीव करून बोलवत होते. एक साल थांबा म्हणालो होतो की नाही, असं ते मनात म्हणत असणार, अशी माझी खात्रीच होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अण्णा उठले होते. गुडघ्यांवर हात देऊन उभे राहिले, पायानं चाचपडत वहाणा घातल्या. बायकोनं पिशवी उचलली. मुलगी तर निघालीच होती, दोन पायऱ्या उतरून.

आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आमचं झालंय!"

काकांना बहुतेक नीट ऐकू आलं नाही. "झालं?" त्यांनी विचारलं.

"हाव. झालं जेवण."

काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाही नाही. ते अण्णांकडं बघत होते. अण्णा एक शब्द बोलले असते तर माझं खोटं तिथंच गळून पडलं असतं. पण मुलाला चार लोकांत खोटं पाडणारे ते नव्हते. रान विकताना गप्प बसले तसेच आताही गप्प बसले. त्यांनी मान खाली घातली.

"बरं," काका म्हणाले आणि बांधावरून उतरून परत गेले.

अण्णांनी वहाणा काढल्या, एकाला एक लावून पायरीच्या कडेला ठेवल्या आणि खाली बसले.

"काहून खोटं बोलले तुम्ही?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पोरगी सकाळपासून उपाशी आहे. ते स्वतः आले होते ना चालत."

"कुपनं घेतलीत," मी म्हणालो. इतकं मूर्ख उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल.

दीड वाजता आमची पंगत बसली. पंगत कसली, स्टीलच्या डब्यांपुढं रांग. भज्जी पातळ, हळदीच्या पाण्यासारखी, तीन वेळा गरम केलेली. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, थंडगार आणि कडक. मुलीनं एक उंडा हातात घेऊन ताटावर आपटून दाखवला, टक्क आवाज आला. वारा पलीकडून येत होता आणि त्या वाऱ्यावर लसणाचा, हिरव्या तुरीच्या दाण्यांचा, चुलीवरच्या भाकरीचा वास येत होता. तिकडं आता रस्त्यानं जाणारे दोन मोटारसायकलवाले बसले होते. कोण कुठले, त्यांना काकू वाढत होत्या. अण्णांनी ताट घेतलं, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवला.

"जेवा ना अण्णा," मी म्हणालो.

"झालंय म्हणालास की," ते म्हणाले. रागानं नाही. आठवण करून दिल्यासारखं.

आमचा मुक्काम दोन रात्रींचा होता. संध्याकाळी केंद्रावर स्पीकर लागले आणि मुलं फायबरच्या बैलांखाली नाचायला लागली. पलीकडं काकांच्या रानात हेंडगा पेटला. येळवशीला दिवस मावळताना गवताचा टेंभा पेटवून तो पिकाभोवती फिरवतात, त्याला आम्ही हेंडगा म्हणतो. तो जाळ हळूहळू बांधाच्या कडेनं सरकत गेला. अण्णा म्हणाले, "निघू का?" मी लगेच सामान भरलं. कुणीच थांबू म्हणालं नाही.

काकांच्या रानावरून गाडी जाताना अण्णा म्हणाले, "हळू घे." मी हळू घेतली. थांबवली नाही. अहमदपूरच्या पुढं मुलगी झोपली.

घरी आल्यावर मी त्या केंद्राबद्दल मोबाइलवर भलामोठा अभिप्राय लिहिला. गिझर, बाथरूमची कडी, डास, वृद्धांशी उद्धट वागणूक, सगळं. एक तारा दिला. त्यांचं उत्तर आलं, आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे, पुन्हा अवश्य या. बायकोला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि आपल्याला किती तारे दिले तुम्ही?"

मी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या येळवशीला अण्णांना काकांकडं घेऊन जायचं. सरळ रानात जाऊन पंगतीला बसायचं, माफी मागायची वेळ आली तर मागायची. कुणाला सांगितलं नव्हतं, पण ठरवलं होतं. अजून वर्ष होतं.

चैत्रात काका गेले. सकाळी बाजेवरून उठलेच नाहीत. चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याला मी म्हणालो, आम्हाला यायला दुपार होईल, तुम्ही माती करून घ्या. मला खरंच वाटत होतं की ते थांबणार नाहीत आणि थांबावं तरी का? तो म्हणाला, "अण्णा आल्याबिगर उचलत न्हाईत." चैत्राच्या उन्हात अख्खं गाव दारात थांबलं होतं. गाडीतून उतरताना अण्णांचा पाय अडखळला तर मी धरायच्या आधी चुलतभावानं धरलं.

माती झाली. संध्याकाळी काकूंच्या माहेरच्या लोकांनी कडू घास आणला. ज्या घरात माणूस गेलंय तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरातल्यांना बळंच चार घास खायला लावतात. ओसरीत पानं मांडली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. काकू आतल्या दारात बसल्या होत्या, तोंडावर पदर. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. त्या अण्णांना म्हणाल्या, "सांगायचं राहिलं, अण्णा. येळवशीच्या आदल्या दिशी तुमची गाडी आलेली कळली तवा मला म्हणले, चार माणसाचं वाढवून कर. पीठ मळून झालतं. म्या पुन्हा भिजिवलं."

त्यांनी ते कुणाला टोचावं म्हणून सांगितलं नाही. माझ्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. गेलेल्या माणसाची एक गोष्ट आठवली, ती त्याच्या भावाला सांगून टाकली, इतकंच. अण्णांनी मान हलवली. "पेंढ्या पडल्या न्हाईत ना त्या दिशी?" त्यांनी विचारलं. "न्हाई," काकू म्हणाल्या, "उभ्या होत्या."

मी उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो. कुणाच्या तरी मामानं मला खांद्याला धरून पानावर आणलं, बस म्हणाला, चार घास खा. समोर भाकरी होती, पिठलं होतं. त्या घरचं अन्न माझ्या घशाखाली उतरेल असं वाटेना.

"नको," मी म्हणालो, "माझं..."

"बस," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, ते भाकरी मोडत होते. "आज तरी झालंय म्हणू नको."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि जेवलो.